गेममध्ये तंद्री लागावी कशी, आणि ती मोडते कुठे

काहीही विकत घेण्याआधी एक कागद आणि पेन जवळ ठेवा. नेहमीचाच गेम तासभर खेळा. ज्या ज्या क्षणी ‘आपण खोलीत खुर्चीवर बसलोय’ हे आठवेल, त्या क्षणी कागदावर एक शब्द टाका : अडखळला, आवाज, फोन, बाण, कंट्रोलर, आई. तास संपला की शब्दांचे गट करा. ‘चित्र साधं दिसतंय’ अशी तक्रार या यादीत सहसा तळाला असते, आणि लोकांचे पैसे मात्र सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्डावरच जातात.

बऱ्या गेममध्ये तंद्री लागायला वेगळं काही करावं लागत नाही. काम आहे ते तिला मोडणाऱ्या गोष्टी हटवायचं. दार ढकललं आणि ते पाव सेकंद उशिरा उघडलं, पाऊल दगडावर पडलं आणि आवाज मातीचा आला, घाबरवणाऱ्या अंधारात कोपऱ्यात पिवळा बाण चमकला. मेंदूने धरलेला अंदाज असा चुकला की माणूस बाहेर येतो. साध्या चित्राला डोळा दहा मिनिटांत सरावतो. विसंगतीला तो सरावत नाही, दर वेळी दचकतो. म्हणून खालचा क्रमही तसाच लावला आहे : आधी वीज, उष्णता आणि यंत्राची अडखळ, मग पडदा, आवाज, पडद्यावरचा पसारा, आणि शेवटी घर व खुद्द गेम.

वीज आणि उष्णता

पावसाळ्यात कोल्हापुरात दिवे लुकलुकणं कुणाला नवीन नाही. ट्यूबलाइट डोळा मिचकावते तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो आणि शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. एकदा असं झालं की पुढचे आठ दिवस अर्धं लक्ष सेव्हच्या बटणावर राहतं. हे नुकसान गेलेल्या अर्ध्या तासापेक्षा मोठं आहे.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो, त्याच्या एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर असताना वीज गेली तर बॅटरीवर यायला ३० ते ४० मिलिसेकंद लागू शकतात. पंख्याला ते कळतही नाही. पण संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर जेमतेम १५ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएसच्या बाजूला स्विच टाकला की हा वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि संगणक चालू राहतो. याची किंमतही आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत जास्त काटेकोर होतो. जिथे संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या खाली उतरतं तिथे तो सारखा बॅटरीवर जाईल आणि बॅटरी लवकर म्हातारी होईल. तशा ठिकाणी घराचा इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्या आणि संगणकाला वेगळा यूपीएस लावा.

यूपीएस घेताना ६०० व्हीएचा स्वस्त डबा उचलू नका. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉट. मधल्या फळीचं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक गेम चालू असताना ३०० ते ३५० वॉट सहज ओढतो, त्यावर मॉनिटर. वीज गेली की हा यूपीएस एक शिट्टी मारून बंद पडतो. निदान १००० व्हीए घ्या, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हचा, कारण काही चांगले पॉवर सप्लाय खडबडीत वेव्हवर बंद पडतात. त्यातली बॅटरी खेळत राहायला नसते. सेव्ह करून नीट बंद करायला चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यावर भागवा.

राउटर विसरू नका. संगणक चालू आणि इंटरनेट बंद, ही ऑनलाइन खेळणाऱ्याची ठरलेली रड. राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. त्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस मधे जोडला की काम झालं. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना हवा.

पेठांमधल्या जुन्या घरांत आणखी एक गोष्ट तपासा : अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा हेडफोनमध्ये सतत बारीक गुणगुण असेल तर संशय आधी तिथेच घ्यावा. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा, ते २-३ व्होल्टच्या आत हवं. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारा ‘जुगाड’ अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल सुटला तर सगळ्या कॅबिनेटवर करंट उतरतो.

उष्णतेचं लक्षण ओळखायला सोपं आहे : पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम लोण्यासारखा, मग अडखळ सुरू. चिप तापली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांची निम्मी तक्रार इथेच संपते. मागची बाजू दोन इंच उचला, पंख्याची जाळी ब्रशने साफ करा, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

अडखळ : सरासरीवर जाऊ नका

दुकानात ‘नव्वद एफपीएस’, म्हणजे सेकंदाला नव्वद फ्रेम (चित्रं) मिळतात असं सांगतात, ती सरासरी असते. डोळ्याला खुपतो तो दोन फ्रेममधला असमान वेळ. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी यायला हवी. एकोणसाठ फ्रेम वेळेवर आल्या आणि एक ८० मिलिसेकंदांनी आली, तर आकडा फारसा हलत नाही, पण झटका जाणवतो.

एमएसआय आफ्टरबर्नर हा ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणारा प्रोग्राम मोफत आहे. त्यात ‘फ्रेमटाइम’ निवडा आणि तो आकडा न ठेवता आलेख म्हणून दाखवायला सांगा. आता गेममध्ये दहा मिनिटं फिरा आणि रेषेकडे बघा. रेषा सरळ असेल तर हात लावू नका. उंच सुळके असतील तर ते कधी येतात त्यावरून कारण कळतं :

- नवा शत्रू किंवा नवा स्फोट पहिल्यांदा दिसला तेव्हाच सुळका, पुन्हा नाही : शेडर (प्रकाश-रंग काढणारे छोटे प्रोग्राम) तयार होताहेत. गेम सुरू होताना ‘शेडर कंपाइल’ची पट्टी येते ती पूर्ण होऊ द्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की हे सगळं पुन्हा होतं, म्हणून लांबलचक खेळायला बसायच्या दिवशी ड्रायव्हर अपडेट करू नका.
- नव्या भागात शिरताना, घोडा किंवा गाडी वेगात असताना : डिस्क किंवा रॅम. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. दोन पट्ट्या मिळून प्रोसेसरला दुप्पट रुंद रस्ता देतात.
- मान वळवली की झटका आणि भिंतींचे पोत उशिरा उमटतात : ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली आहे. टेक्सचर एक पायरी खाली आणा.
- ठरावीक वेळाने, कशाशीही संबंध नसताना : मागे काहीतरी चालू आहे. टास्क मॅनेजर उघडून क्लाउड बॅकअप आणि अँटिव्हायरसचं स्कॅन बघा.

यानंतर एफपीएसला वरची मर्यादा घाला. साध्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० ठोक्यांनी चित्र बदलणाऱ्या पडद्यावर ४५ ते ५५ एफपीएस ही सगळ्यात वाईट जागा, कारण काही फ्रेम एक ठोका टिकतात आणि काही दोन. सेटिंग उतरवून पक्के ६० मिळवा. ते जमत नसेल तर सरळ ३० वर बांधा. डळमळत्या ५० पेक्षा स्थिर ३० बरे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्ही पाठोपाठ खेळून बघा. १२० हर्ट्झचा पडदा असेल तर ४० हा आकडा लाखमोलाचा : प्रत्येक फ्रेम बरोबर तीन ठोके, म्हणजे २५ मिलिसेकंद. पडद्याला व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या वेगाप्रमाणे ठोका बदलायची सोय) असेल तर कमाल मर्यादेच्या तीनेक खाली बांधा, म्हणजे १४४ हर्ट्झला १४१.

सेटिंगमध्ये काय ठेवायचं आणि काय उतरवायचं, यातही तंद्रीचाच निकष लावा. जे ‘हलताना चुकतं’ ते आधी सुधारा. झाडं-घरं अचानक समोर उगवतात ती डिटेल किंवा ऑब्जेक्ट डिस्टन्स कमी असल्यामुळे, म्हणून ते वाढवा. अनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (लांबवर तिरकी जाणारी जमीन स्पष्ट ठेवणारी सेटिंग) १६ वर ठेवा, आजच्या कार्डांना त्याचं ओझं जवळपास नसतं. सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’ किंवा ‘मीडियम’वर आणल्या तर खेळताना कुणाच्या लक्षात येत नाही. धुकं आणि प्रतिबिंबंही उतरवा, बराच दम वाचतो.

डीएलएसएस किंवा एफएसआर (आत लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) वापरत असाल तर हे गणित ध्यानात ठेवा : १०८०पी पडद्यावर ‘क्वालिटी’ म्हणजे आत ७२०पी, आणि ‘परफॉर्मन्स’ म्हणजे फक्त ५४०पी. ५४० मध्ये पानं आणि तारा पोहत असल्यासारख्या दिसतात. तिथे क्वालिटीच्या खाली जाऊ नका. फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे बनवलेली फ्रेम घुसवणं, हा प्रकार मुळात ६० च्या जवळ फ्रेम मिळत असतील तरच लावा. ३० चे ६० केले तर चित्र गुळगुळीत होतं आणि हात मात्र ३० च्याच, किंबहुना त्याहून जड वाटतो.

पडदा किती जवळ

२४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो नजरेचा सुमारे ४८ अंशांचा भाग व्यापतो. ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून फक्त २२ अंश. म्हणजे हॉलमध्ये सोफ्यावरून खेळणाऱ्याला मोठा पडदा असूनही छोटा दिसतो, आणि भोवतीचं शोकेस, घड्याळ, कॅलेंडर हे सगळं नजरेत राहतं. मोठा टीव्ही घ्यायच्या आधी खुर्ची चार फुटांवर ओढा. कोन ४३ अंशांच्या आसपास जातो आणि खर्च शून्य. टीव्ही छताजवळ टांगलेला असेल तर मान वर करून तंद्री लागत नाही. पडद्याचा मध्य डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा.

या अंतराशी गेममधला फील्ड ऑफ व्ह्यू (गेमचा कॅमेरा किती अंशांचं जग दाखवतो ते) जुळवा. टीव्हीवर लांबून खेळताना ७० ते ८०, मॉनिटरसमोर ९० ते १००. मॉनिटरला नाक लावून ६५ वर खेळलं की अर्ध्या तासात डोकं जड होतं, मळमळतं. तसं होत असेल तर चालताना डोकं हलवणारा ‘हेड बॉब’ बंद करा, ‘कॅमेरा शेक’ निम्म्याखाली आणा आणि पडद्याच्या मध्यावर एक बारीक ठिपका ठेवा. डोळ्याला धरायला काहीतरी स्थिर मिळालं की पोट शांत राहतं.

टीव्हीवर तीन गोष्टी बघायच्याच. एक, ‘गेम मोड’. तो लावल्याशिवाय टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत एखाद्या टीव्हीत शंभर मिलिसेकंदही जातात. दोन, कडा कापल्या जात असतील तर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’. तीन, काळा रंग. तो राखाडी दिसतोय किंवा अंधारातलं सगळं गिळून टाकतोय, तर एचडीएमआयवर एका बाजूला ‘फुल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लिमिटेड’ रेंज आहे. दोन्हीकडे एकच करा. भयपटाच्या धाटणीचे गेम ‘भीतीच वाटत नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

ब्राइटनेसची ती ‘चिन्ह जेमतेम दिसेपर्यंत सरकवा’ वाली पट्टी ज्या वेळी खेळता त्याच उजेडात लावा. दुपारी लावलेली रात्री फिकी पडते. समोरची ट्यूबलाइट बंद करा, पण खोली ठार अंधारीही नको. पडद्याच्या मागे भिंतीवर मंद पांढरा एलईडी ठेवला की डोळे कमी थकतात आणि काळं जास्त काळं वाटतं. रंग बदलणारी पट्टी मात्र उलटं काम करते.

मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अॅबरेशन, लेन्स फ्लेअर. या चारही गोष्टी कॅमेऱ्यातून आलेल्या आहेत. पात्राच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर बंद करा. ३० एफपीएसवर थोडा मोशन ब्लर झटके झाकतो, तेवढा अपवाद.

आवाज

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर हेडफोनवर घाला, हे आमचं ठाम मत. पडदा समोरचं दाखवतो. मागचं, वरचं, भिंतीपलीकडचं सगळं आवाजावर उभं असतं. २०१७ च्या हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइसमध्ये नायिकेच्या डोक्यातले आवाज बायनॉरल पद्धतीने, म्हणजे दोन कानांच्या जागी दोन माइक ठेवून, ध्वनिमुद्रित केले आहेत. टीव्हीच्या स्पीकरवर ती नुसती कुजबुज ऐकू येते, हेडफोनमध्ये कुणीतरी कानामागे उभं असतं.

ब्लूटूथ टाळा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. तलवार लागते आधी, खणखणाट येतो नंतर. शिवाय त्याच हेडसेटचा माइक चालू केला की बहुतेक जोडण्या फोनकॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो. ३.५ मिलिमीटरची वायर सगळ्यात उत्तम. वायर नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा हेडसेट घ्या. तो डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी खुपसू नका. त्या पोर्टची गडबड याच लहरींवर पडते आणि आवाज तुटतो. हातभर एक्स्टेन्शन लावून डोंगल टेबलावर आणा.

दिशा नीट कळत नसेल तर बहुधा दोन जादू एकावर एक चालू असतात. गेममध्ये ‘एचआरटीएफ’ किंवा ‘थ्रीडी ऑडिओ’ चालू, वर विंडोजचा ‘स्पेशियल साउंड’ चालू, आणि त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरचं ‘७.१’. एकच ठेवा, शक्यतो गेममधलं. गेमला आवाज नेमका कुठून येतोय हे माहीत असतं, बाकीचे अंदाज बांधतात. विंडोजमध्ये स्टिरिओ आणि गेममध्ये ‘हेडफोन्स’ निवडलं की झालं.

मग मिश्रण. बहुतेक गेम सगळ्या पट्ट्या १०० वर देतात आणि संगीत बाकी सगळ्याला झाकतं. संवाद १००, इफेक्ट ९०, संगीत ५० ते ६० इथून सुरुवात करा. वारा, पाणी, लांबचं भुंकणं ऐकू यायला लागलं की जागा खरी वाटते. ‘डायनॅमिक रेंज’ असेल तर हेडफोनला रुंद ठेवा. घरचे झोपल्यावर स्पीकरवर खेळत असाल तर ‘नाइट मोड’, म्हणजे कुजबुज ऐकायला आवाज वाढवला आणि पुढच्याच क्षणी स्फोटाने अख्खी गल्ली उठली, असं होणार नाही.

पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस पडत असेल तर पावलांचे आवाज त्यात बुडणारच. आवाज वाढवणं हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. बंद कपांचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरा. मागून जाळी असलेला ओपन बॅक पावसाळ्यात बाजूला ठेवा. उन्हाळ्यात नेमकं उलटं, बंद कपांत कान उकडतात, तेव्हा कापडी गाद्या लावा. आणि गणपतीत मंडळाची डॉल्बी खिडकीखाली आली की कुठलाच हेडफोन टिकत नाही. त्या रात्री पत्त्यांचा किंवा बुद्धिबळासारखा गेम काढा, किंवा खाली जाऊन नाचा.

पडद्यावरचा पसारा

मिनी-मॅप चालू असला की माणूस जग बघत नाही, नकाशा बघतो. पण सगळा एचयूडी (पडद्यावरचे आकडे, पट्ट्या, बाण) एका फटक्यात बंद करणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोळ. वीस मिनिटांत वैताग येतो आणि सगळा पसारा परत चालू होतो.

एकेक काढा. आधी नुकसानाचे आकडे आणि गोळी लागल्याची खूण. दुसऱ्या दिवशी मिनी-मॅप. मग ध्येयाचा बाण. प्रत्येक गोष्ट काढताना एकच प्रश्न विचारा : ही माहिती गेम दुसऱ्या कुठल्या मार्गाने देतोय का? जखमी झाल्यावर पात्र लंगडत असेल, धापा टाकत असेल, तर आरोग्याची पट्टी काढा. गोळ्या मोजायची दुसरी सोय नसेल तर तो आकडा राहू द्या. सारखा मेनू उघडून बघण्यापेक्षा कोपऱ्यातला आकडा परवडला.

काही गेमनी हे आधीच सोडवलं आहे. २००८ च्या डेड स्पेसमध्ये आरोग्याची पट्टी नायकाच्या पाठीच्या कण्यावरच चमकते. घोस्ट ऑफ त्सुशिमामध्ये टचपॅडवर बोट फिरवलं की वारा ध्येयाच्या दिशेने वाहतो. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये डी-पॅड खाली दाबून धरला की नकाशाऐवजी होकायंत्र ठेवता येतं किंवा दोन्ही बंद करता येतं. बाण काढल्यावर गेम खेळता येईल का, हे मात्र गेमच्या लेखनावर ठरतं. मॉरोविंडमध्ये लोक ‘नदी ओलांड, डावीकडचा रस्ता धर’ असा पत्ता सांगतात. स्कायरिममध्ये कित्येक कामांना असा पत्ताच दिलेला नाही, तिथे बाण काढला तर नुसतं भटकत बसाल. अशा वेळी बाण चालू ठेवा आणि फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या गावी उडी) कमी करा. घोड्यावरून जाताना जग जोडलं जातं, नकाशावर टिचकी मारून तुटतं.

सबटायटल चालू असावेत की नाही? इंग्रजीचे उच्चार कळायला त्रास होत असेल तर बिनधास्त चालू ठेवा. न कळलेला संवाद वाचलेल्या संवादापेक्षा जास्त तंद्री मोडतो. फक्त अक्षरं मोठी आणि मागे गडद पट्टी ठेवा, म्हणजे एका नजरेत वाचून डोळे परत चेहऱ्याकडे जातात.

कंट्रोलर प्लेस्टेशनचा आणि पडद्यावर ‘ए’, ‘बी’, ‘एक्स’ अशी एक्सबॉक्सची बटणं दिसत असतील तर सेटिंगमध्ये ‘बटण आयकॉन’ बदलायची सोय शोधा. प्रत्येक दरवाजापाशी मनातल्या मनात भाषांतर करणं थकवतं. ड्युअलसेन्सचे (प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचे) जड होणारे ट्रिगर संगणकावर हवे असतील तर यूएसबी वायर लावा, बऱ्याच गेममध्ये ते ब्लूटूथवर चालत नाहीत. पात्र आपोआप एका बाजूला सरकत असेल तर डेड झोन (स्टिकची किती हालचाल गेमने दुर्लक्षायची ते) ५ वरून ८-१० टक्क्यांवर न्या.

घर, फोन आणि पाच वेळा शिफ्ट

विंडोजचं एक जुनं दुखणं : शिफ्ट पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते आणि गेम खाली जातो. पळण्यासाठी शिफ्ट बडवणाऱ्याने अॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन हा शॉर्टकट आधी बंद करावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. स्टीममध्ये अचिव्हमेंटची आणि मित्र ऑनलाइन आल्याची सूचना बंद करा, कन्सोलवर ट्रॉफीची. कथेच्या ऐन भरात ‘टक्’ करून चषक मिळाला की सगळं पाणी.

फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवलेला चालत नाही, कारण लोडिंग आलं की हात तिकडे जातोच. मिसळ आधी खाऊन घ्या. कटाचं तेल कंट्रोलरच्या स्टिकमध्ये उतरलं की निघत नाही. घरच्यांना ‘साडेअकराला उठतो’ असं आधी सांगून ठेवा. कधी हाक येईल या धास्तीत खेळणारा माणूस अर्धा दाराशीच बसलेला असतो.

ऑनलाइन

फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. कोल्हापूरहून मुंबईचा सर्व्हर पावणेचारशे किलोमीटर धरला तरी जाऊन-येऊन चारच मिलिसेकंद होतात. रस्ता वळसे घेतो, म्हणून हा जाऊन-येऊनचा वेळ, म्हणजे पिंग, प्रत्यक्षात २०-३० मिलिसेकंद समजू. मुंबईच्याच सर्व्हरवर ८० दिसत असतील तर दोष अंतराचा नाही. आधी गेममध्ये सर्व्हर खरंच मुंबई निवडलाय का बघा. मग वाय-फाय काढून लॅन केबल लावा. जाड दगडी भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत मान टाकतं आणि फोन गुपचूप २.४ वर जातो. घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला लागलं की पिंग उसळत असेल, तर राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) शोधा आणि अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के टाका. राउटरमध्ये रांग साचत नाही आणि पिंग स्थिर राहतं.

फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमच्या कठड्यावरून बघितलेल्या माणसाला गेममधलं गुळगुळीत वातावरण पचत नाही. थोडी डागडुजी करता येते. आवाजात समालोचन शून्यावर आणि प्रेक्षकांचा आवाज पूर्ण वर. दोन वाक्यांची घोकंपट्टी गेली की मैदान उरतं. रडार बंद, वेळ आणि गोलसंख्येची पट्टी बंद, खेळाडूच्या डोक्यावरचं नाव बंद. डोक्यावरचा त्रिकोण ठेवा, नाहीतर आपण कुठला खेळाडू पळवतोय ते कळणार नाही. २०२१ च्या फिफा २२ पासून करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब बनवता येतो : पेठेचं नाव, चिन्ह, जर्सीचे रंग, स्टेडियम. पट्ट्यांचे रंग बरोबर जमवा, डोळा तिथेच चूक पकडतो. अवघडपणा असा ठेवा की पाचपैकी दोन सामने हराल. दर वेळी ६-० जिंकणारा संघ तिसऱ्या सामन्यापासून नुसती बेरीज वाटतो.

जे आपल्या हातात नाही

कथेत नायक हळवा आणि खेळात तोच शेकडो माणसं मारतोय, ही खोट सेटिंगने जात नाही. अमेरिकन-कॅनेडियन उद्योगात काम केलेल्या क्लिंट हॉकिंग या डिझायनरने २००७ मध्ये बायोशॉकवर लिहिताना तिला ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ म्हटलं, तेव्हापासून ते नाव चालतं. पहारेकरी तेच वाक्य पंचवीस वेळा बोलतो, गुडघाभर कुंपण ओलांडता येत नाही, गाव जळतंय आणि दुकानदार हसून बटाटे विकतोय. यातलं थोडंफार संगणकावर मॉडने (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांनी) सुधारतं. एका वेळी एकच मॉड लावा, तासभर खेळा, मग दुसरा. एकदम तीस लावले तर कुणी घोळ घातला ते सापडत नाही. आणि गेम सुरू करून चार तास झाले तरी कागदावर ‘लेखन’ हाच शब्द पडत असेल, तर तो गेम सोडा. त्यावर हार्डवेअरचा इलाज नाही.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा हेडसेट, घेणाऱ्यांना एवढंच : उभं राहून फिरायला मोकळी जागा निदान दोन बाय दोन मीटर हवी. दहा बाय दहाच्या खोलीत कॉट आणि कपाट असेल तर ती निघत नाही, बसून खेळायचे गेम घ्या. हेडसेटच्या भिंगावर खिडकीतलं थेट ऊन पडू देऊ नका, आतला पडदा कायमचा भाजतो. खेळण्याआधी हात वर ताणून छताचा पंखा बोटांना लागतो का ते बघा. लागत असेल तर पंखा बंद करून टेबलफॅन लावा. एकाच बाजूने येणाऱ्या वाऱ्यामुळे आपलं तोंड खोलीत कुठल्या दिशेला आहे तेही कळत राहतं.